पोहे वीसचे, हुंडणावळ दहा हजारांची

माझा भाचा हैदराबादेत कॉम्प्युटरवर काम करतो आणि दिवाळीला आमच्या गावी, कोरपन्यात, येऊन आम्हाला भविष्य सांगतो. यंदाचं भविष्य असं, की पैसा आता बँकेत राहणार नाही, ब्लॉकचेनवर राहणार, आणि मधला दलाल जाणार. कापूस विकायच्या दिवसांत दलाल जाणार असं ऐकलं की आमच्याकडे बहिऱ्यालाही ऐकू येतं. पानठेल्यावर लगेच घोळका जमला.

"मंग पैसा नेऊन देते कोण?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"नेटवर्क देते, आबाजी. थोडीशी फी लागते फक्त."

'थोडीशी' म्हटल्याबरोबर निम्मा घोळका पांगला. हमाली, तोलाई, कटती, सगळ्या आमच्या घरात थोडीशी म्हणूनच शिरल्या आहेत.

मी मामा असल्यामुळे मला पांगता आलं नाही. रात्रभर समजावून घेतल्यावर एवढं कळलं, की बिटकॉइन या ब्लॉकचेनवरच्या नाण्याची काळीपिवळी, म्हणजे व्यवहारांची खेप, साधारण दहा मिनिटांनी सुटते. सीटा मोजक्या. कोरपना-गडचांदूर गाडीत मागे लटकता तरी येतं, इथे तीही सोय नाही. जो जास्त देईल तो आधी बसणार. शिवाय भाडं खिशातल्या रकमेवर नाही, बुडाखालच्या जागेवर. कोटी रुपये पाठवणारा आणि वीस रुपये पाठवणारा सारखीच जागा अडवतात, म्हणून सारखंच मोजतात. समता म्हणतात ती हीच असावी.

२० एप्रिल २०२४ ला या गाडीला अशी झुंबड उडाली, की एका व्यवहाराचं सरासरी शुल्क सव्वाशे डॉलरांच्या वर गेलं. म्हणजे दहा हजार रुपयांहून जास्त. त्या दिवशी आमच्या चौकात कुणी बिटकॉइनने तर्री-पोहे घेतले असते, तर पोह्यांचे वीस आणि ते वीस पोचवायचे दहा हजार. तोवर तर्री थंड झाली असती ते वेगळंच.

हे मी कुत्सितपणे बोलतोय असं समजू नका. मियामीत जानेवारी २०१८ मध्ये बिटकॉइनचीच परिषद होती. शेवटच्या दिवसांतली तिकिटं बिटकॉइनने घेणं आयोजकांनी बंद केलं. कारण काय, तर शुल्क फार आणि वेळ फार!

"म्हणून तर इथेरियम आलं, मामा," भाचा म्हणाला. तिथली तऱ्हा आणखी न्यारी. व्यवहार अर्ध्यात फसला तरी शुल्क जातंच, कारण यंत्रांनी मेहनत तर केली. आणि समजा तुमच्याकडे तिथे डॉलरच्या भावाचे टोकन आहेत, अगदी लाखभर. ते कुणाला पाठवायचे तर शुल्क सहसा त्या टोकनमध्ये कापून घेत नाहीत. त्यासाठी ईथर नावाचं वेगळं नाणं विकत घ्यावं लागतं. पैसे आहेत, पण ते हलवायला दुसरे पैसे हवेत. लाखाचा धनी बोटभर ईथरवाचून खोळंबला.

ही नाणी ज्यात ठेवायची, त्या वॉलेटची किल्ली म्हणजे सहसा बारा किंवा चोवीस शब्द. ते हरवले तर ठेवच गेली. तक्रार करायला मॅनेजर नाही, मॅनेजरची केबिन नाही, केबिनबाहेरचा बाकही नाही. हे शब्द २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात. ती यादी इंग्रजीत आहे, जपानीत आहे, कोरियन आणि चेक भाषेतही आहे. मराठीत नाही. गोंडी आणि कोलामीची तर बातच सोडा.

त्यात आपलं सरकार. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर, १ जुलैपासून विक्रीवर एक टक्का टीडीएस. एका नाण्यात बुडालात, तर तो तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करू देत नाहीत. नफ्यात सरकार भागीदार, तोट्यात तुम्ही स्वयंभू.

आणि पोहेवाल्याकडे काय? कोड दाखवला, मोबाइल धरला, की त्याच्या ठेल्यावरची बोलकी पेटी 'वीस रुपये मिळाले' असं गावभर ओरडते. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडूनही शुल्क घ्यायचं नाही असा नियम आहे. खर्च होतोच, तो बँका आणि सरकार सोसतात. पोह्यांच्या बशीपर्यंत तो येत नाही, एवढाच काय तो चमत्कार.

मग ब्लॉकचेन आपल्या जंगलात कधी आलीच नाही का? आली. शेजारच्या गडचिरोलीत, एटापल्लीला. २०२२ मध्ये तिथल्या प्रशासनाने लेजिटडॉक या कंपनीला हाताशी धरून ६५,००० जात प्रमाणपत्रांच्या नोंदी पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर करायला घेतल्या. पॉलिगॉन आपल्याच देशातल्या पोरांनी उभारलेली. तिथलं शुल्क पैशांत मोजायचं. तेच इथेरियमवर करायचं म्हटलं असतं, तर एकेका नोंदीला शेकडो रुपये लागले असते. प्रमाणपत्र खरं की बनावट हे पाहायचं, तर क्यूआर कोड स्कॅन करायचा. त्यासाठी कुणा माडिया पोराला नाणं घ्यावं लागलं नाही, बारा इंग्रजी शब्द घोकावे लागले नाहीत.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो हिरमुसला. "पण मामा, यात कमाई कुठे हाय?"

तेच तर, बापा. शुल्क एटापल्लीतही लागलंच असणार. फक्त ते भरायला कुणाला मामा व्हावं लागलं नाही.