दुर्लक्ष कसे करावे : बोगनवेल लावणाऱ्यांसाठी पहिला पाठ

प्रथम अभिनंदन. गुहागर, हर्णै, दिवेआगर किंवा अशाच कुठल्या गावी, समुद्राची गाज ऐकू येईल अशा जागी तुम्ही पाच गुंठे घेतलेत, घर बांधलंत, आणि आता गडग्यावर काहीतरी रंगीत हवं असं घरातून फर्मान निघालं आहे. गुलाब लावून झाला असेल. खाऱ्या वाऱ्यानं त्याची पानं कडेनं करपली असतील. मोगऱ्याच्या वेळेला नेमका विहिरीनं तळ दाखवला असेल. अशा वेळी शेजारचे तात्या सांगतात तेच आम्ही सांगतो : बोगनवेल लावा आणि मुंबईला परत जा.

यातला दुसरा भाग अवघड आहे. हा पाठ मुख्यतः त्यासाठीच आहे.

साहित्य : पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची जून फांदी. ती नर्सरीतून विकत आणणं कोकणात कमीपणाचं समजतात, कोणाच्या तरी गडग्यावरून मागून आणावी. (मागूनच.) शिवाय धारदार कोयता किंवा सिकेटर, आणि चामड्याचे हातमोजे. हातमोजे वाणसामानाच्या यादीत घरच्यांनी खोडले तरी पुन्हा लिहावेत. बोगनवेलीचा काटा कापडाला जुमानत नाही. झारी लागेल, पण पहिल्या उन्हाळ्यापुरती. नंतर ती माळ्यावर टाकून शिडी कोणालातरी देऊन टाकावी.

कृती : पावसाच्या पहिल्या सरी पडून जमीन भिजली की फांदी लावावी. खालचा काप डोळ्याखाली तिरका घ्यावा, वरचा सरळ, म्हणजे फांदी उलटी लावली जाणार नाही. हसू नका, उलटी लावणारे पुष्कळ आहेत. काही दिवसांत हिरवे कोंब फुटतील. इथे नवशिक्याच्या हातून पहिला खून होतो. कोंब फुटले म्हणजे मूळ धरलं असं समजून तो आधी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकतो, आणि मग चार दिवसांनी ‘बघू तरी किती मुळं आली’ म्हणून फांदी उपटतो. कोंब फांदीतल्या शिलकीवर फुटलेले असतात. मुळं त्यानंतर, सावकाश येतात. बघायची उबळ आली तर समुद्रावर चक्कर मारून यावं.

जागा निवडताना एकच वैरी लक्षात ठेवावा : साचलेलं पाणी. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकतो. पागोळीखाली लावलेली बोगनवेल श्रावण बघत नाही, मुळं कुजून जाते. उंचवट्यावर, गडग्याच्या कडेला, जांभ्याच्या त्या लाल, निचऱ्याच्या, किंचित आम्लधर्मी मातीत तिला बरं वाटतं. पिशवीतलं रोप असेल तर पिशवी फाडून मातीच्या गड्ड्यासकट ठेवावं. काट्यांनी एवढी मिजास दाखवणाऱ्या या झाडाची मुळं मात्र फारच नाजूक. माती झटकली की तुटतात.

पावसाळाभर झाड नुसतं पानांनी आणि काट्यांनी वाढेल. फूल एक नाही. आता सल्लागार जमतील. कोणीतरी युरिया सुचवेल. सुचवणाऱ्याला चहा द्यावा, युरिया घालू नये. नत्रानं पानं आणखी माजतात आणि फुलं आणखी लांबतात.

पाऊस सरला, दिवस लहान झाले, माती कोरडी पडली की बोगनवेल फुलायच्या बेताला येते. नेमक्या याच मुहूर्तावर वडीलधारी मंडळी मुक्कामाला येतात. संध्याकाळी बनियनवर, हातात पाइप धरून झाडांना पाणी घालत उभं राहणं हा निवृत्तीनंतरचा मोठा आनंद आहे आणि तो हिरावून घेणं बरं नव्हे. पाइप त्यांच्या हाती द्यावा, तोंड नारळाकडे वळवावं. ‘अहो, पानं मलूल झालीत, तहानलंय बिचारं!’ असं कोणी म्हणालं की मान डोलवावी. पानं खरोखर लोंबायला लागली की एकदाच भरपूर पाणी द्यावं, आणि पुन्हा विसरावं. नवं रोप मात्र याला अपवाद. त्याला पहिल्या उन्हाळ्यात चार-पाच दिवसांआड पाणी लागतंच.

फुलली की जवळ जाऊन बघावं. आपण ज्याला फूल म्हणतो ती कागदी तीन रंगीत पानं आहेत. प्रत्येकाच्या मधल्या शिरेला चिकटून एक बारीक नळी वर येते आणि तिच्या टोकाला पांढुरकी चांदणी उमलते. खरं फूल ते. पाहुण्यांना हे सांगावं. निम्मे खोटं समजतात.

त्यांना रस वाटला तर पुढचंही सांगता येतं. झाड मूळचं दक्षिण अमेरिकेचं. १७६७ साली फिलिबेर कोमर्सों या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला ते रिओ दि जानेरोजवळ सापडलं. नाव मिळालं तो ज्या समुद्रसफरीवर होता तिचे प्रमुख बुगनव्हील यांचं. कोमर्सोंची मदतनीस जान बारे त्याच्याच जहाजावर पुरुषवेषात होती, कारण बायकांना जहाजावर मज्जाव होता. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री म्हणून आज तिचं नाव घेतात. झाडाला तिचं नाव द्यायला हवं होतं असं आमचं मत आहे, पण आम्हाला कोणी विचारलं नाही.

छाटणी बहर ओसरल्यावर, पावसाच्या तोंडाला. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून तिसरा हिस्सा बेधडक कापावा. हात थरथरत असेल तर तात्यांना बोलवावं. त्यांचा थरथरत नाही.

एवढं करूनही फुलं आली नाहीत तर खतं मागवू नयेत, जात बदलू नये, वास्तू बघणाऱ्याला बोलावू नये. भर दुपारी अंगणात जाऊन सावली कुठे पडते ते बघावं. पाच-सहा तास कडक ऊन नसेल तर बोगनवेल जन्मभर पानंच देईल. तेव्हा एकतर आंब्याची आडवी आलेली फांदी उतरवा, नाहीतर दुसरी काडी उन्हात लावा.