नोझलकाका

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली आठ वर्षं एक येझदी उभी आहे. पहिली दोन वर्षं ती गंजकी होती, पुढची सहा वर्षं राखाडी आहे. राखाडी म्हणजे प्रायमर, तोही ब्रशनं फासलेला. "तात्पुरता हो, गंज थांबावा म्हणून," असं मालक सांगतात. या मालकांना अख्खी इमारत नोझलकाका म्हणते. तोंडावर नुसतं काका.

काकांची सगळी नोकरी एका सरकारी खात्याच्या खरेदी विभागात गेली. माणूस निवृत्त होतो, त्याच्यातली तीन कोटेशनं होत नाहीत. कोथिंबिरीची जुडी आणायची तरी काका तीन गाड्यांवर भाव काढतात, आणि परत फिरेपर्यंत पहिल्या गाडीवरची संपलेली असते. येझदीला बाटलीहिरवा रंग घरीच द्यायचा असं ठरलं, त्या संध्याकाळी त्यांनी रंग नाही आणला, बॉक्स फाइल आणली. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'स्प्रे गन – निवड'.

मी एकदा चुकून विचारलं, "काका, गॅलरीच्या ग्रिलला रंग मारायचाय. कुठली गन घेऊ?"

"बसा," काका म्हणाले. त्या 'बसा'त दोन चहा आणि एक वरणभात होता, हे मला नंतर कळलं.

"आधी सांगा, कप वर हवा की खाली?" कप वर असला की रंग आपल्या वजनानं उतरतो, वाटीभर रंगातही काम भागतं. खाली असला की हवेनं ओढून घ्यावा लागतो आणि तळाशी थोडा राहतोच. मग नोझल. गाडीच्या टाकीला १.३ किंवा १.४ मिलिमीटर. प्रायमर दाट, त्याला १.७. साइड पॅनलसाठी छोटी गन, ०.८ ते १. "आणि भिंतीचा रंग या बारीक नोझलमध्ये घातलात, तर गन फवारणार नाही, पान खाल्ल्यासारखी थुंकेल." माझं ग्रिल एव्हाना दोघंही विसरलो होतो.

फाइलमध्ये एअरलेस गनचं पान लाल पेनानं खोडलेलं होतं. भिंतींना उत्तम, पण दाब दोन हजार पीएसआयच्या वर. बोट आडवं आलं तर रंग कातडीच्या आत शिरतो, आणि त्याला मलम नाही, तडक शस्त्रक्रिया. पुढच्या पानावर हिरवी खूण होती, ती एचव्हीएलपीवर. हवा भरपूर, दाब कमी, टोपीपाशी जास्तीत जास्त दहा पीएसआय. जुन्या गनमधला निम्म्याहून अधिक रंग वाऱ्यावर जातो, हिच्यातला किमान ६५ टक्के वस्तूवर बसतो. उरलेले ३५ टक्के कुठं जातात, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

"मग घ्या की ती," मी म्हटलं.

"आणि हवा कोण देणार?" कॉम्प्रेसरची टाकी बघून भुलायचं नाही, हा काकांचा लाडका मुद्दा. सोसायटीची टाकी केवढीही बांधा, मोटार मिनिटाला किती पाणी चढवते त्यावर आंघोळी ठरतात. तसंच हे. एक हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर मिनिटाला जेमतेम तीन-चार घनफूट हवा देणार, आणि गन मागणार दहा. अर्ध्या टाकीतच धाप लागते. मोठा घ्यावा तर तो ठेवायचा कुठं? डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आधीच काकू राहतात.

काकांचं बोलणं चुकीचं कधीच नसतं, हीच त्यातली अडचण. चुकलं असतं तर कुणीतरी थांबवलं असतं. दर महिन्याला ते लोकलनं मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला जातात. तिथले दुकानदार त्यांना स्टूल देतात, आणि नवखं गिऱ्हाईक आलं की काकांकडे बोट दाखवतात. पलीकडच्या गॅरेजचा पेंटर पावसाळ्यात लॅकर पांढरट पडतो म्हणून वैतागला होता. काकांनी त्याला हवेच्या लाइनीत पाणी पकडणारा फिल्टर बसवायला लावला, कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी सोडायला सांगितलं. त्या सल्ल्यावर आमच्या गल्लीतल्या सहा गाड्या चकाकताहेत. सातवी जिन्याखाली.

एकदा त्यांनी मला गनचा जन्म सांगितला. अमेरिकेत टोलेडो गावी डिव्हिलबिस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १८८८च्या सुमारास घशात औषध फवारायचं यंत्र काढलं. पुढं १९०७मध्ये त्यांच्या मुलानं त्याच कल्पनेवर रंगाची गन केली.

"घशासाठीच निघाली होती ना?" काकू आतून म्हणाल्या. "तरीच यांचा बसत नाही."

शेवटी गन काकूंनीच मागवली. मोबाइलवरून, एका बोटानं, एकाही कोटेशनशिवाय. विजेवर चालणारी, हवा स्वतःच फुंकणारी, कॉम्प्रेसर नकोच. काकांनी तीन दिवस अबोला धरला. काकूंशी नाही, गनशी. चौथ्या दिवशी पेटी उघडून त्यांनी मुकाट्यानं नोझल मोजली.

मे महिन्यातला शुक्रवार. येझदीची टाकी पॉलिशपेपरनं घासून गच्चीवर तारेला टांगली. धूळ उडू नये म्हणून जमीन ओली केली. तळाला भोक असलेल्या पेल्यातून रंग किती सेकंदांत गळतो ते घड्याळ लावून पाहिलं, तीनदा. तोंडाला दोन डब्यांचा मास्क. आणि मग, आठ वर्षांनी, फुस्स झालं.

दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची किंकाळी ऐकू आली. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला वाळत घातलेले उडदाचे पापड हिरवे झाले होते. आमच्या गावात २०१४ साली हिरवा पाऊस पडलेला, २०२०मध्ये रस्ता गुलाबी झालेला. त्यामुळे सगळ्यांनी आधी आभाळाकडे पाहिलं आणि मग कारखान्यांच्या दिशेला. सेक्रेटरींनी तक्रारीचा मायनाही लिहायला घेतला. तेवढ्यात वहिनींना तारेवरची टाकी दिसली.

पापडांचं ताट घेऊन त्या काकांच्या दारात उभ्या राहिल्या. मागं आम्ही सगळे. काकांनी चष्मा वर केला, एक पापड उचलला, उजेडात तिरका धरला आणि त्यावरून अंगठा फिरवला.

"खरखरीत लागतोय," ते म्हणाले. "म्हणजे हवेतच वाळून पडलाय. थिनर फार लवकर उडतंय, वहिनी. या उन्हात स्लो थिनर पाहिजे होतं."

वहिनींच्या तोंडून शब्द फुटेना. काकांनी पापडाच्या कडेला बारीक अक्षरात तारीख आणि नोझलचं माप लिहिलं, आणि फाइल मागितली.