मूळपुरुष ते म्यूट

एकत्र कुटुंबं मोडली, चुली वेगळ्या झाल्या, तांब्यापितळेची भांडी वाटली गेली, गावच्या घराचे दावे कोर्टात पडले. तरी प्रत्येक घराण्यात एक माणूस अजून अविभक्त आहे. त्याला आपण कुलसंमेलनवाले नाना म्हणू.

नाना बँकेतून निवृत्त झालेले असतात. निवृत्तीनंतर आधी फिरायला जाणं होतं, मग होमिओपॅथी होते आणि शेवटी घराण्याचा इतिहास येतो. तो आला की जात नाही. मग नाना आपल्याला नावाने ओळखत नाहीत. "तू म्हणजे दुसऱ्या शाखेतली सातवी पिढी, दत्तकाकडची," असं म्हणून ते पाठीवर हात ठेवतात. कोणाकडे बारसं असलं तर पेढ्याला हात लावण्याआधी जन्मतारीख लिहून घेतात.

पूर्वी संमेलन पुण्यात मंगल कार्यालयात व्हायचं. तिथे इतिहास कितीही लांबला तरी पुढे जिलबी-मठ्ठा आहे या आशेवर माणसं बसून राहत. २०२० साली टाळेबंदी लागली आणि नानांना लिंकचा शोध लागला. जिलबी गेली, निव्वळ इतिहास उरला.

रविवार, संध्याकाळी साडेसात, असं एकदा ठरलं. नानांनी तक्ता केला: लंडनला दुपारचे दोन, कॅलिफोर्नियात सकाळचे सहा, सिडनीकरांना मध्यरात्र उलटून एक. ("घराण्यासाठी एक रात्र जागता येत नाही?") पण अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात आणि नानांनी नेमका तोच रविवार धरला होता. कॅलिफोर्नियाचा पुतण्या तक्त्याबरहुकूम सहाला हजर झाला, तेव्हा आपल्याकडे साडेसहाच वाजले होते. पडद्यावर नाना बनियनमध्ये, स्टुलावर चढून कुलस्वामिनीची तसबीर सरळ करत होते. घराण्याचं अमेरिकेतल्या शाखेला घडलेलं ते पहिलं दर्शन.

झूमवर फुकटात चाळीसच मिनिटं मिळतात आणि नाना घराण्याचा पैसा उधळणारे नव्हेत. त्यामुळे पहिल्या चाळीस मिनिटांत मूळपुरुष कोकणातून निघून जेमतेम घाटाच्या पायथ्याशी पोचतो. मग दुसरी लिंक. तो पुण्यात शिरतो तेव्हा निम्मी मंडळी गळालेली असतात.

१७१३ साली श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळालं आणि त्यांच्या मागोमाग कोकणातली कितीतरी घराणी घाटावर आली, हे खरंच आहे. पण नानांचा मूळपुरुष दर संमेलनाला एक बढती घेतो. पहिल्या वर्षी तो साधा कारकून होता, दुसऱ्या वर्षी दफ्तरदार झाला, यंदा थेट मसलतीला बसला. पुढल्या वर्षी त्याचा मुलगा पानिपतावर पडेल असा माझा अंदाज आहे. १७६१ साली आपल्या घरातलं कोणीच पडलं नाही, हे सांगायला जड जातं.

पुरावा म्हणाल तर देवघरात पिढ्यान् पिढ्या एक मोडी कागद होता. सनद म्हणून त्याला दसऱ्याला गंध-फूल वाहिलं जायचं. नानांनी तो मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांना भर संमेलनात दाखवला. गृहस्थांनी तो कॅमेऱ्यासमोर आडवा-उभा धरून वाचला आणि सांगितलं, हा कर्जरोखा आहे. तोही येणं नव्हे, देणं. चार खंडांत शांतता पसरली. नाना मात्र ढळले नाहीत. "पेशवाईत पत असल्याशिवाय कर्ज मिळत नसे," ते म्हणाले आणि पुढच्या पिढीकडे वळले.

अशात सांगलीच्या आत्याचा माइक चुकून चालू राहिला. आत्या नव्वदीला टेकलेली. "अरे, तुझे पणजोबा कुठले दफ्तरात! ते नाटक कंपनीबरोबर पळाले होते. पणजीने खानावळ काढली, दोन वेळची पानं वाढली, त्यावर पाच पोरं शिकवली." पडद्यावरच्या सगळ्या चौकटी एकदम जाग्या झाल्या. सिडनीची सून जांभई अर्धवट सोडून पुढे सरकली. कोणीतरी विचारलं, "आत्या, पणजीचं नाव काय हो?"

"आत्या, म्यूट करा, म्यूट!" नाना ओरडले. आत्याला काही ते जमेना, म्हणून शेवटी त्यांनीच केलं.

वंशावळीत त्या पणजीच्या जागी आजही 'भार्या' एवढंच आहे. पणजोबांपुढे मात्र 'कलेचे आश्रयदाते' अशी नवी भर पडली आहे.

नानांची चेष्टा पुष्कळ झाली. पण त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीतली आपल्या खापरपणजोबांची सही शोधायला भर उन्हात गेले ते नानाच. आपण कोणी गेलो नव्हतो. आपल्याही घराण्यात असे एक नाना असतील आणि त्यांची लिंक येईलच. आली की उघडा. फक्त त्यांना आधी फोन करून एवढं सांगा: पहिली चाळीस मिनिटं आत्याला द्या, तिच्याशेजारी बटणं कळणारी एखादी नात बसवा आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा. मूळपुरुष घाटाच्या पायथ्याशी तीनशे वर्षं थांबलाय, आणखी एक रविवार थांबेल.