पडेल संघाचा पाठीराखा : साहित्य, विधी आणि पथ्ये

जिंकणाऱ्या संघाचा पाठीराखा होण्यास मार्गदर्शन लागत नाही. टीव्ही लावावा, जर्सी चढवावी, ओरडावे. मुंबईच्या फुटबॉल लीगच्या खालच्या विभागात, आणि त्या विभागातही गुणतक्ता उलटा धरला तरच वर दिसेल अशा संघामागे उभे राहणे हे मात्र व्रत आहे. व्रत म्हटले की साहित्य आले, विधी आला, पथ्ये आली. प्रस्तुत लेखकाने हे व्रत सलग नऊ हंगाम केले आहे. फळ अजून मिळालेले नाही, पण शेजाऱ्यांना वाटते तसे डोकेही फिरलेले नाही.

संघाचे नाव येथे दिलेले नाही. दोन बचावपटूंचे आईवडील आमच्याच सोसायटीत राहतात, आणि त्यातले एक पाण्याची वेळ ठरवणाऱ्या कमिटीवर आहेत.

आपला मानपाडा निश्चित करणे

आमचा संघ मानपाड्याचा, आणि मानपाडे दोन आहेत. एक ठाण्यात, घोडबंदर रोडवर, टिकुजिनीवाडीच्या वाटेवर. दुसरा डोंबिवली पूर्वेला, स्टेशनहून मानपाडा रोड धरून कल्याण-शीळ रस्त्याकडे निघाले की लागतो तो. संघ दुसऱ्याचा. हा खुलासा क्षुल्लक समजू नये. एका हंगामात नव्या जर्सींचे पार्सल पहिल्या मानपाड्यात गेले. ज्यांच्या दारात गेले ते गृहस्थ भले; पत्ता शोधत थेट मैदानावर घेऊन आले. तोवर आमची पोरं सरावाच्या केशरी बिब घालून तीन गोल खाऊन बसली होती. गृहस्थ म्हणाले, "आता आलोच आहे तर बघतो थोडा वेळ."

याला पाच वर्षे झाली. आमच्या प्रेक्षकांत कोणत्याही खेळाडूशी नातेसंबंध नसलेले असे फार थोडे. त्यांत हे एक. त्यांना आम्ही 'ठाणेकर' म्हणतो आणि दुसऱ्या संघाच्या लोकांना दुरून दाखवतो.

प्रयाण

सामना रविवारी असतो. मेगाब्लॉकही रविवारी असतो. वांद्र्याला साडेतीनचा सामना असेल तर डोंबिवलीहून दुपारी एकच्या आत निघावे. फास्ट गाडी स्लो मार्गावर वळवलेली असते आणि ती मुलुंडपुढे कोणाच्या तरी घरी चहाला थांबल्यासारखी थांबते. दादरला उतरून पश्चिम रेल्वे पकडावी. तिकडच्या ब्लॉकला जम्बो म्हणतात. त्रास मेगाएवढाच. कोणत्या डब्यातून उतरले की दादरचा पूल बरोबर समोर येतो, हे लेखकास ठाऊक आहे, पण छापले तर गर्दी होईल.

मैदान नेव्हिल डिसूझा यांच्या नावाचे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियावर त्यांनी तीन गोल चढवले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. तो सामना भारताने ४-२ असा जिंकला, आणि स्पर्धेत चौथा क्रमांक मिळवला. एका दुपारी तीन गोल! मागच्या हंगामात आमच्या अख्ख्या संघाचे मिळून तीन गोल व्हायला जानेवारी उजाडला. मैदानात शिरताना त्या पाटीकडे पाहू नये. आमचे स्ट्रायकर पाहतात आणि दडपणाखाली येतात, असे आमच्या कोचचे मत आहे. आमच्या कोचची मते पुष्कळ आहेत.

आसनस्थ होणे

मध्यरेषेजवळची जागा उत्तम, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबरीच्या संघांसाठी. आमच्या पाठीराख्याने आपल्याच गोलपोस्टच्या बाजूला, जरा तिरके बसावे. सामना तिथेच होतो. हाफ-टाइमला पिशवी उचलून दुसऱ्या टोकाला जावे, म्हणजे सामना पुन्हा समोर येतो.

चेष्टा सोडा, पण खेळ खरा तिथूनच कळतो. चेंडू उजव्या बगलेला असताना डावीकडचा बॅक आत सरकला पाहिजे, मधल्या दोघांच्या आधाराला. आमचा लेफ्ट बॅक रेषेला चिकटून उभा असतो, जणू तिथे त्याने रुमाल टाकून जागा धरली आहे. मध्ये भगदाड पडतं. आमचा कीपर त्याच्या नावाने बोंबलतो, आधी पूर्ण नावाने, मग नुसत्या आडनावाने, मग जो ऐकू येऊ नये अशा शब्दाने. दहा सेकंदांनी गोल होतो आणि सगळे कीपरला नावं ठेवतात. त्या पोराने काय करावं? मी नऊ वर्षं बघतोय, त्याचे बचाव मोजले तर तो या विभागातला सगळ्यात कामाचा कीपर निघेल, कारण इतकं काम दुसऱ्या कोणाला मिळतच नाही.

टर्फवर उतरू नये. उतरल्यास त्यातले काळे रबरी दाणे बुटात शिरतात, तिथून मोज्यात, मोज्यातून घरच्या बाथरूममध्ये. घरात काळे मिरे सांडल्यासारखे दिसले की कुटुंबीयांना पराभवाची बातमी न सांगताच कळते. शिवाय मे महिन्यात टर्फ तव्यासारखे तापते. दुसऱ्या हाफमध्ये आपली पोरे उभी का राहतात, असा प्रश्न सावलीत बसून विचारू नये.

टीका करण्याची योग्य पद्धत

खालच्या विभागात गर्दी चाळीस माणसांची. त्यात तीस नातेवाईक. म्हणून खेळाडूची निंदा करण्यापूर्वी डावीकडे, उजवीकडे आणि मागे पाहावे. मागे पाहणे सर्वांत महत्त्वाचे.

पहिल्या वर्षी लेखकाने हे पथ्य पाळले नाही. लेफ्ट बॅकबद्दल वीस मिनिटे सविस्तर विवेचन केले. त्यात त्याचे पाय, त्याची झोप आणि त्याने निवडायला हवा होता असा दुसरा खेळ, तिन्ही मुद्दे आले. मागून एक डबा पुढे आला. त्यात रव्याचे लाडू.

"घ्या ना. दमला असाल बोलून."

"नको नको, वहिनी. आपण कोणाच्या...?"

"तोच तो. तुम्ही इतका वेळ ज्याचं कौतुक करताय."

लाडू घ्यावा लागला. उत्तम होता. तेव्हापासून त्या मुलाविषयी लेखक फक्त मनात बोलतो, आणि वहिनी दर सामन्याला डबा आणतात. हे दोन्ही एकमेकांवर अवलंबून आहे अशी लेखकाची समजूत आहे.

रेफ्रीला शिव्या देऊ नयेत. परतताना वांद्रे स्टेशनपर्यंतच्या शेअर रिक्षात तो शेजारीच बसतो.

काका

प्रत्येक पडेल संघाला एक काका असतात. आमचे काका मानपाड्याचेच, एमआयडीसीतल्या कंपनीतून निवृत्त झालेले. तरुणपणी कंपनीच्या संघातून हाफ बॅक खेळले, हे ते स्वतःच सांगतात आणि दुसरं कोणी सांगत नाही. त्यांच्याजवळ उकडलेल्या शेंगांची पिशवी आणि तीन वाक्ये असतात : "बॉल खाली ठेवा", "आमच्या वेळी" आणि "ऑफसाइड!" तिसरे वाक्य ते थ्रो-इनवरही वापरतात. थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो. गोल-किकवर नसतो, कॉर्नरवरही नसतो. काकांना हे सांगू नये.

काकांची खरी अडचण वेगळी आहे. सामना संपायला दहा मिनिटे उरली की ते पिशवी आवरतात. "परतीची गर्दी नको रे बाबा." नऊ वर्षांत त्यांनी एकाही सामन्याचा शेवट पाहिलेला नाही. आता आमचा संघ गोल खातो तो कधी? पाय दमल्यावर, म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांत. त्यामुळे काकांच्या आठवणीत आपण पुष्कळ सामने बरोबरीत सोडवलेले आहेत. त्यांच्या हिशेबाने संघ गेल्या हंगामात पाचवा आला. तक्ता दाखवला तर म्हणतात, छापताना चूक झाली असेल. आधी मला राग यायचा. हल्ली कधीकधी वाटतं, दादरच्या पुलावर त्या वेळेला या संघाचा एवढा समाधानी माणूस दुसरा नसेल.

मोहापासून दूर राहणे

घरातल्या मुलाचे म्हणणे, "बाबा, तुम्ही मुंबई सिटी का नाही बघत?" सूचना निर्दोष आहे. मुंबई सिटीने २०२०-२१ च्या हंगामात लीग शील्ड आणि आयएसएलचा करंडक दोन्ही घेतले. अंधेरीला दिव्यांच्या झगमगाटात खेळतात. बसायला खुर्ची असते.

पण चांगला संघ म्हणजे टिकणारा संघ नव्हे, हे मुंबईकडच्या पाठीराख्याने पाठ करून ठेवावे. महिंद्र युनायटेड २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता होता. २०१० मध्ये संघ बंद झाला. मुंबई एफसी २००७ साली निघाला. कूपरेज मैदानाचे काम निघाले तेव्हा काही हंगाम त्यांचे घरचे सामने पुण्याला, बालेवाडीत झाले. घरचा सामना बघायला घाट चढायचा! पुणे एफसीचे घरही तेच, म्हणजे दोघे समोरासमोर आले की एकाच घरात दोन यजमान आणि पाहुणा कोणीच नाही. २०१७ मध्ये मुंबई एफसी आय-लीगच्या तळाला राहिला, खाली ढकलला गेला आणि मग संपलाच. २०२३ मध्ये मुंबई केंकरे खाली आला.

मुंबई एफसीचे पिवळे शर्ट घालून कूपरेजला घसा फोडणारी जी पोरं होती ती आता कोणाच्या नावाने ओरडत असतील? शिव्या घालायला तरी समोर अकरा माणसं लागतात. आमची येतात. परीक्षेच्या दिवसांत नऊच येतात, पण येतात. किमान सात असले की नियमाने सामना सुरू होतो, हे आम्हाला पुस्तक वाचून कळलेलं नाही.

कोल्हापूरचे नाव काढू नये. ठाणेकरांची सासुरवाडी तिकडची, त्यामुळे ते काढतातच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळ उतरले की हजारोंनी माणूस लोटतो. बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, प्रत्येक तालमीमागे अख्खी पेठ. तिथे हरणाऱ्याला दुसऱ्या दिवशी चहाच्या गाडीवर तोंड दाखवता येत नाही म्हणे. मला त्यांचा हेवा वाटतो. आमचा संघ पाच गोलांनी हरला आणि सोमवारी सकाळी मी घरडा सर्कलला रिक्षासाठी उभा होतो, तर रांगेत एकालाही माहीत नव्हतं. अपमान करायलाही कोणी नाही, हा केवढा अपमान.

गणित

हंगामाच्या शेवटच्या महिन्यात वही काढावी. आधी स्पर्धेची नियमावली वाचावी. गुण समान झाल्यास काही ठिकाणी आपसातल्या सामन्याचा निकाल आधी पाहतात, काही ठिकाणी गोलफरक. गोलफरक असेल तर ०-५ असतानाही "सहावा खाऊ नका रे" असे ओरडण्यात तथ्य आहे, कारण न खाल्लेला गोल आणि केलेला गोल यांची फरकात किंमत सारखीच. मग इतर तीन संघ हरतील, एक बरोबरीत राहील आणि आपण जिंकू, असे मांडावे. शेवटचे कलम पेन्सिलने लिहावे.

यंदाच्या अखेरच्या सामन्यात एक गुण मिळाला तर आम्ही विभागात राहणार होतो. ०-१. दहा मिनिटे उरली. काकांनी शेंगांची टरफले गोळा केली, "चला, एकच खाल्लाय, वाईट नाही," म्हणाले आणि गेले.

कॉर्नर मिळाला तेव्हा घड्याळात जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. आमचा कीपरसुद्धा पुढे धावला. आणि रेषा सोडून, नऊ वर्षांत पहिल्यांदा आत सरकून, लेफ्ट बॅकने डोकं लावलं. वहिनी तेव्हा खाली वाकून डब्याचं झाकण शोधत होत्या. "काय झालं? कोणी मारला?" ठाणेकर बोलू शकत नव्हते. मी त्यांचाच खांदा धरून उड्या मारत होतो.

शिट्टी वाजल्यावर काकांना फोन लावला. मागे दादरची अनाउन्समेंट चालू होती.

"काका, बरोबरी! वाचलो आपण!"

"कोणाची बरोबरी?"

"आपली. लेफ्ट बॅकने मारला, कॉर्नरवर, हेडर!"

थोडा वेळ नुसती अनाउन्समेंट.

"फेकू नको रे. ऑफसाइड असेल."

"कॉर्नरवर ऑफसाइड नसतो, काका."

"कोण म्हणतो?"