शटडाउनचा कागद आणि भाऊबीजेचं तिकीट

चाकणच्या पट्ट्यात दिवाळीची सुट्टी वरून खाली झिरपत येते. मोठी गाडी कंपनी आधी आपलं शटडाउन ठरवते, मग तिला सुटे भाग देणारा व्हेंडर त्यावर आपलं शेड्यूल बसवतो. त्या व्हेंडरला माल पुरवणाऱ्या भोसरी-कुदळवाडीच्या शॉपमध्ये तर धनत्रयोदशी तोंडावर आली की नोटीस बोर्डावर कागद लागतो. मी अशाच एका व्हेंडरकडे क्वालिटीत आहे. बहीण दिल्लीला दिली आहे. भाऊबीज पुढे ढकलता येत नाही आणि सुट्टीची तारीख कळल्याशिवाय तिकीट काढता येत नाही. या कात्रीत दरवर्षी बोनसचा मोठा तुकडा जातो.

मागच्या खेपेला कागद लागला त्याच रात्री तिकीट बघायला बसलो. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून दिल्लीचं इकॉनॉमीचं भाडं एरवीच्या दुपटीवर गेलं होतं. त्याच विमानातलं बिझनेसचं भाडं मात्र जवळजवळ जागेवरच होतं. एरवी या दोन केबिनच्या भाड्यांत केवढं तरी अंतर असतं, त्या रात्री ते इतकं कमी झालं होतं की बायको म्हणाली, “मग पुढेच बसा की!” पण माझ्याकडे मागचे पैसे होते, पुढचे नव्हते. आणि मागचेही असे जायला नको होते.

असं का होतं, ते नंतर नीट समजून घेतलं. इकॉनॉमी ही प्रवाशाला एक केबिन दिसते. विमान कंपनीच्या हिशेबात तिचे अनेक कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याला एक इंग्रजी अक्षर, एक भाडं आणि विकायच्या खुर्च्यांची मर्यादा असते. स्वस्त कप्पा भरला की तो बंद होतो आणि पुढच्याला त्याच रांगेतली, तेवढीच अरुंद खुर्ची वरच्या कप्प्याच्या भावात मिळते. मागणी वाढणार हे दिसत असलं की स्वस्त कप्पे आधीच आखडले जातात. बिझनेसचं उलट असतं. तिथे एरवी कंपनीच्या खर्चाने फिरणारे साहेब लोक बसतात. दिवाळीत कारखाने बंद, मीटिंगा बंद, साहेब घरी. म्हणून पुढच्या केबिनचे खालचे कप्पे उघडे राहतात आणि मागे बायको-मुलं, फराळाचे डबे घेऊन निघालेल्यांचे बंद होतात. सणाचा भार सगळा मागच्या केबिनवर पडतो. त्यातही सामान बहुधा १५ किलोच न्यायचं. चकल्या, लाडू आणि बहिणीची साडी त्यातच बसवायची.

व्यापाऱ्याने नफा कमावू नये, असं मी म्हणत नाही. पण १९३७ च्या विमान नियमांतला १३५ वा नियम भाडं ठरवताना वाजवी नफ्याची गोष्ट करतो. हा ‘वाजवी’ शब्द दिवाळीच्या आठवड्यात कोण मोजतं? सरकारला मर्यादा घालता येत नाही, असंही नाही. कोविडमध्ये मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ अखेरपर्यंत भाड्याला मर्यादा घातलेली होती. डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणं धडाधड रद्द झाली, तेव्हा अंतराप्रमाणे कमाल भाडं जाहीर झालं. १,००० ते १,५०० किलोमीटरसाठी, म्हणजे पुणे-दिल्लीसाठी, १५,००० रुपये. बिझनेसला ती मर्यादा नव्हती, आणि ते योग्यच होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही इकॉनॉमीवर ५ टक्के आणि बिझनेसवर १८ टक्के आहे. म्हणजे मागची केबिन सामान्य माणसाची, हे सरकार स्वतःच मानतं. मग सणाच्या आठवड्यातही तसंच मानावं.

निगडीहून, नाशिक फाट्यावरून विदर्भात जाणाऱ्या आमच्या पोरांना ट्रॅव्हल्सवाले दिवाळीत पिळतातच. पण तिथे निदान २७ एप्रिल २०१८ चा शासन निर्णय आहे: एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. तो दाखवून आरटीओकडे तक्रार तरी करता येते. विमानाच्या तिकिटावर बोट ठेवायला असा आकडाच नाही. हे दर दिवाळीचं दुखणं आहे.

कोणत्या भाड्याच्या किती खुर्च्या उरल्या, हे कंपन्यांनी दाखवावं आणि दिवाळीच्या आठवड्याला इकॉनॉमीची कमाल मर्यादा असावी. हे दिल्लीत ठरेल तेव्हा ठरेल. चाकण, तळवडे, भोसरीच्या कारखानदारांना मात्र एक गोष्ट आजच करता येईल. त्यांना हात जोडून सांगणं आहे: दिवाळीच्या शटडाउनचा कागद गणपती बसायच्या आत बोर्डावर लावा.