आबांचा कान

निफाडचं नाव पेपरात येतं ते डिसेंबरात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा घसरला की दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आम्ही. २०१८ साली तो १.८ अंशांवर गेला, तेव्हा आबा मिस्त्री कानटोपी घालून टपरीवर अशा थाटात बसले होते, जणू गावाची सर्व्हिसिंग त्यांनीच केली होती. "कॉम्प्रेसर नाही, लाइट बिल नाही, अन् कूलिंग बघा!"

पोट मात्र एप्रिलावर. आबा एसीवाले. पिशवी खाली ठेवतात, ती उघडत नाहीत. भिंतीवरच्या एसीखाली उभं राहून उजवा कान वर करतात आणि घरातल्या सगळ्यांना गप्प बसवतात, कुकरसकट.

तेवढ्यात घरमालक म्हणतो, "गॅस संपला असेल." झालं!

"गॅस काय पेट्रोल आहे का, जळून संपायला? लीक झाल्याशिवाय कमी होत नाही तो." मग पुढचं झाकण निघतं, लांबोळका ब्लोअर बाहेर येतो आणि त्याच्या पात्यांत दोन वर्षांची धूळ वाकळेसारखी जमलेली दिसते. "वारा जाणार कुठून? हवा फिरंना म्हणून कॉइलवर बर्फ, अन् तुम्ही गॅस भरा म्हणता."

गच्चीवरच्या युनिटचा पंखा नुसता घूंऽऽ करत असेल, तर आबा खिशातून द्राक्षाची काडी काढतात. छाटणीतली, वाळलेली. जाळीतून पात्याला हळूच ढोसलं की पंखा गरगर सुटतो. "मोटर ठणठणीत आहे. धक्का द्यायला कोणी नाही तिला." म्हणजे काडेपेटीएवढा कपॅसिटर गेला. खर्रखर्र आली तर बेअरिंग, टकटक आली तर पातं घासतंय. एकदा टकटक सरडा निघाली. तिचे पैसे घेतले नाहीत.

द्राक्षाच्या हंगामात आबा झोपतात तेही एकाच कुशीवर, उजवा कान मोकळा ठेवून. युरोपला जाणारी थॉमसन प्रीकूलिंगला लागलेली असते. एका रात्री दोन वाजता फोन आला : पंखे सगळे चालू, माल गार होईना. "फोन पंख्याजवळ धरा." धरला. आबांनी डोळे मिटले. "आवाज आहे, पण वाऱ्यात दम नाही. आज डीपीवर काम झालं का?" झालं होतं. थ्री फेजच्या दोन फेजा अदलाबदल झालेल्या, सगळ्या मोटरी उलट्या फिरत होत्या. आबा स्वेटर घालून गेले, मेन स्विच पाडला, दोन वायरी बदलल्या आणि परत येऊन उरलेली झोप काढली. फॅन बदलून नवे बसवायला मालक तयार होता. आबांनी त्याला अजून माफ केलेलं नाही.

परवा त्यांना खोकला झाला म्हणून मी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप पाठीला लावला. "आबा, घरघर ऐकू येतेय."

"ती माझी नाही," आबा वर बघत म्हणाले, "तुमच्या ब्लोअरचं बुश गेलंय. श्वास धरतो, आता ऐका."

डॉक्टरांनी ऐकलं. फी घेतली नाही.