आजारी पडा, पण इंग्रजीत

नवशिक्यांनी सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. मराठीतून आजारी पडलं तर काढा मिळतो, इंग्रजीतून पडलं तर रजा. ‘अंगात जरा कणकण आहे’ असं साहेबांना सांगून पाहा. ‘गवती चहा घ्या आणि या सावकाश,’ म्हणतील. त्याऐवजी ‘व्हायरल आहे’ म्हणा. साहेब खुर्ची दोन वीत मागे घेतील आणि पूर्ण बरं वाटल्याशिवाय येऊ नका, असं स्वतःहून सांगतील. ताप तोच, थर्मामीटरवरचा आकडाही तोच.

या भाषेचा पाया आपल्याकडे शाळेतच घातला जातो. पोराला काहीही झालेलं असो, रजेच्या अर्जात ‘सफरिंग फ्रॉम फीवर’ हेच लिहायचं असतं. याला वैद्यकीय कारण नाही, स्पेलिंगचं आहे. फीवर पाच अक्षरांत आटोपतो. डायरियात दोन आर, एक अबोल एच आणि शेवटी ओ, ई, ए अशी स्वरांची चेंगराचेंगरी. न्यूमोनियाच्या तर दारातच एक पी उभा असतो आणि तो तोंड उघडत नाही. त्यामुळे पोट बिघडलेल्या पोरालाही कागदावर तापच चढतो. मोठेपणी हे धोरण सोडण्याचं काही कारण नाही.

ताप जमला की अवयवांकडे वळावं. ‘मला बीपी आहे’, ‘हिला थायरॉईड आहे’, ‘काकांना शुगर आहे’ ही वाक्यं रोज सकाळी मोठ्याने म्हणावीत. बीपी म्हणजे रक्तदाब, तो प्रत्येकाला असतोच. ज्याला अजिबात नाही त्याच्यासाठी डॉक्टर नव्हे, वेगळी मंडळी बोलवावी लागतात. थायरॉईड ही गळ्यातली ग्रंथी, तीही सगळ्यांना जन्मतः मिळालेली. पण अशा शंका काढणारा माणूस लग्नसमारंभात एकटा पडतो. ‘तिचं अपेंडिक्स झालं’ म्हटल्यावर ‘आधी नव्हतं का?’ असं विचारू नये.

खरं तर यावर सोपा तोडगा आहे. अवयवाच्या शेपटाला ‘आयटिस’ लावला की त्याला दाह झाला, सूज आली, असा अर्थ होतो. टॉन्सिलचा टॉन्सिलायटिस, अपेंडिक्सचा अपेंडिसायटिस, सांध्यांचा आर्थ्रायटिस. हा प्रत्यय मूळचा ग्रीक, पण आता घरचाच झाला आहे. त्याचा थोरला भाऊ ‘एक्टमी’, म्हणजे तो भाग कापून बाहेर. डॉक्टरांच्या तोंडून आयटिस ऐकू आला तर बसून राहायला हरकत नाही. एक्टमी ऐकू आली तर विम्याचे कागद कुठे आहेत ते आठवायला लागावं.

दुखापतींच्या बाबतीत एका वाक्यापासून सावध राहा: ‘हाड मोडलं नाही हो, नुसतं फ्रॅक्चर आहे.’ फ्रॅक्चर म्हणजेच हाड मोडणं. केसाएवढी चीर गेली तरी ते फ्रॅक्चरच. पण हे सांगणाऱ्या भाऊजींचा पाय प्लास्टरमध्ये असतो आणि त्यांच्या मनाला तेवढाच आधार असतो, तेव्हा वाद घालू नका. पाय मुरगळला तर इंग्रज आधी चौकशी करतो: अस्थिबंध ताणला असेल तर स्प्रेन, स्नायू ताणला असेल तर स्ट्रेन. आपण ‘लचक भरली’ म्हणून मोकळे होतो. मुका मार हा मात्र आपला खास माल. बाहेर वळ नाही, रक्त नाही, पण आतून माणूस कळवळतोय. त्याचं ‘डंब बीटिंग’ करू नये, हसतील. दाखल्यावर ‘ब्लंट ट्रॉमा’ लिहून येतं, आणि मार देणाऱ्यालाही आपण काहीतरी भारदस्त केल्यासारखं वाटतं.

भाषेची खरी मजा पुढे आहे. इंग्रजीत आजारपणामुळे माणसाला बढती मिळते. जन्मभर पोळ्या लाटून आणि धुणं पिळून वहिनींचं कोपर धरलं, तर त्यांना ‘टेनिस एल्बो’ होतो. त्यांनी रॅकेट हातात धरलेली नसली तरी चालतं. हा आजार होणाऱ्या बहुतेकांनी ती धरलेली नसतेच. भाताच्या लावणीत दिवसभर चिखलात उभं राहून पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या मावशी तर थेट क्रीडाक्षेत्रात जातात, त्यांना ‘ॲथलीट्स फूट’ झालेला असतो. फक्त गुडघे टेकून फरशी पुसू नका. त्याने गुडघ्याच्या वाटीपुढे सूज आली की ‘हाउसमेड्स नी’ म्हणतात आणि मिळवलेली सगळी प्रतिष्ठा मोलकरणीच्या गुडघ्यात जाते. बाकी नावांवर फार विसंबू नये. रिंगवर्ममध्ये किडा नाही, बुरशी आहे. मॉर्निंग सिकनेस दुपारीही होतो. हार्टबर्नचा हृदयाशी काही संबंध नाही, ते पोटातलं आम्ल अन्ननलिकेत वर आल्याने जळतं. अर्थात आपल्या गजकर्णातही हत्ती नसतो.

हृदयाचा विषय निघालाच आहे तर ‘गॅसेस’ या शब्दाविषयी थोडं गंभीर होऊ. मराठी घरात छातीत दुखलं की पहिलं निदान गॅसेसचंच होतं आणि पाण्यात फसफसणारी पावडर पुढे येते. छातीवर कुणी बसल्यासारखा दाब, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात उतरणं, दरदरून घाम, असं काही असेल तर शब्दसंग्रह बाजूला ठेवा आणि १०८ लावा. मधुमेह्यांना तर छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. ‘मायनर अटॅक’ हा शब्द नंतर शेजाऱ्यांना सांगायला उपयोगी पडेल, पण त्यासाठी आधी घरी परतावं लागतं.

आता दुखण्याचा धडा, आणि इथे नवशिक्याची दमछाक होते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. रुग्ण वेदनेसाठी जे शब्द वापरतात त्यांतले ७८ शब्द तिच्यात २० गटांत लावले आहेत: थ्रॉबिंग, शूटिंग, स्टॅबिंग, बर्निंग, टिंगलिंग, डल. म्हणजे इंग्रजी याबाबतीत मुळीच गरीब नाही. गरीब आहे ती आपण क्लिनिकमध्ये बोलतो ती इंग्रजी. गळू ठसठसतं, दाढ ठणकते, डोळे चुरचुरतात, खरचटलेलं चरचरतं, भाजलेलं भगभगतं, काटा सलतो, डोक्यात तिडीक जाते, पोटात मुरडा येतो, पाठीत उसण भरते, पायाला मुंग्या येतात. घरातून निघताना हे सगळं आपल्याजवळ असतं. तपासणीच्या खोलीत शिरलो, समोर इंग्रजी पाटी आणि भिंतीवर पदवी दिसली, की तोंडातून निघतं: ‘डॉक्टर, पेन आहे.’ डॉक्टरही आपल्याच गावचे असतात, त्यांना ठसठस आणि ठणका यांतला फरक बरोबर कळतो, निदानाला तो हवाही असतो. पण आपण इंग्रजीत शिरल्यावर त्यांचा नाइलाज होतो आणि ते केसपेपरवर ‘पेन’ लिहून पुढे एक अधिक चिन्ह काढतात. फारच दुखत असेल तर दोन.

चिठ्ठीवरची भाषा इंग्रजी समजून वाचायला जाल तर फसाल, कारण ती बरीचशी लॅटिन आहे. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. प्राप्तिकर खात्याचा इथे संबंध नाही. एचएस म्हणजे झोपताना. एसओएस वाचून घाबरायचं नाही, जहाज बुडत नाहीये, ‘गरज पडली तर घ्या’ एवढाच निरोप आहे. औषधाच्या दुकानातला मुलगा या सगळ्याचं पाकिटावर ‘१-०-१’ करून देतो, आणि रोमन साम्राज्य तिथे संपतं.

मुलाकडे परदेशी जाणाऱ्या आई-वडिलांसाठी ही पुरवणी. ‘लूज मोशन’ हे इंग्रजी भारताबाहेर चालत नाही. तिकडे डायरिया म्हणावंच लागतं, स्पेलिंग मात्र कुणी विचारत नाही. ‘आय वॉज सिक’ म्हणालात तर अमेरिकेत तुम्ही नुसते आजारी होता, इंग्लंडमध्ये बहुधा उलटी झाली असं समजून टिश्यू पुढे करतील. अमेरिकेतल्या दुकानात पॅरासिटॅमॉल मागू नका, तिथे त्याच औषधाला ॲसिटॅमिनोफेन म्हणतात. आणि लंडनला जाणाऱ्या मधुमेही मावशींना विमानात बसायच्या आधीच समजावून ठेवा. इकडे उपाशीपोटीची साखर १२६ निघाली की मधुमेह म्हणतात; तिकडे एकक वेगळं, आकड्याला १८ ने भागलेलं, त्यामुळे तीच साखर ७ दिसते. ‘सातवर आली!’ म्हणून मावशी सुनेकडून श्रीखंड मागवतात. आठवड्याने तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट येतो. त्याचंही एकक तिकडे वेगळं असल्याने इकडचे साडेसहा तिथे ४८ होतात, आणि मावशी अंथरूण धरतात. प्रकृतीत या आठवड्यात श्रीखंडाखेरीज काहीही घडलेलं नसतं.

स्वाध्याय. पुढील मजकूर डॉक्टरांना इंग्रजीत सांगा: ‘काल लग्नात जेवल्यापासून पोटात नुसतं ढवळतंय, मधूनच बेंबीपाशी कळ येते, करपट ढेकरा येताहेत, अंग मोडून आलंय आणि डोकं असं भणभणतंय की उभं राहिलं तरी भोवळ येते.’

नमुना उत्तर: ‘डॉक्टर, स्टमक.’